विहिरीपाशी तापणारी जीप

बंगळूरला कलासीपाळ्याच्या लॉरी स्टँडमागे एक बोळ होता आणि बोळाच्या टोकाला नरसिंह जाधवची पत्र्याची शेड. जाधवांचं घराणं फौजेबरोबर इकडे आलं त्याला तीनशे वर्षं होत आली होती. घरात मराठीच बोलत, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलं होतं की पुण्याकडचा पाहुणा आला की चार वाक्यांनंतर गोंधळायचा. नरसिंहाला सगळा बोळ ‘नरसण्णा’ म्हणायचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याने मिलिटरीच्या वर्कशॉपमध्ये काम केलं होतं. आघाडीवरून मोडून आलेल्या जीपगाड्या तिथे रांगेने उभ्या असायच्या. कुणाच्या सीटला भोक, कुणाच्या फळीवर वाळलेलं रक्त. तो त्यावर गोणपाट टाकायचा आणि कामाला लागायचा. लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनावर टेकवून, मूठ कानाला लावून तो आतलं ऐकायचा, आणि बहुतेक वेळा तेवढ्यावरच दुखणं सांगायचा.

सत्तावन्न साली अप्पासाहेबांनी लिलावातून तशीच एक जुनी जीप घेतली. अप्पासाहेब मूळचे निपाणीचे. सर्जापूरच्या पलीकडे त्यांची दगडाची खाण होती, आणि खाणीवरचे मजूरही त्यांनी आपल्याच मुलखातून आणलेले. जीप नरसिंहाच्या शेडमध्ये आली तेव्हा तिचं इंजिन गंजून धरलेलं होतं. त्याने ती पूर्ण खोलली. नवे पिस्टन, नव्या रिंगा, नवं गॅस्केट. रेडिएटर धुऊन, झाळून, पुन्हा बसवला. गाडी तयार झाली तेव्हा तिचा आवाज शिवणयंत्रासारखा एकसारखा येत होता. अप्पासाहेबांचा ड्रायव्हर शिवाप्पा ती घेऊन गेला आणि नरसिंह त्या दिवशी फार खुशीत घरी आला.

महिना उलटायच्या आत शिवाप्पा गाडी घेऊन परत आला.

“तापतीय, अण्णा. वाफेनं झाकण उडायचं बाकी होतं.”

नरसिंहाने बॉनेट उघडलं. पंख्याचा पट्टा ताठ होता. होज पाइप नवे होते, आतून कुठे चेपलेले नव्हते. थर्मोस्टॅट काढून तो घरी घेऊन गेला, आणि बायको चंद्राबाईच्या चुलीवर पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात सोडला. पाणी तापलं तशी त्याची झडप सावकाश उघडली, निवलं तशी मिटली. गॅस्केट फुटलं असतं तर रेडिएटरात बुडबुडे आले असते, तेही नव्हते. चाकं ब्रेकला धरून घासत नव्हती. त्याने गाडी लालबागेला वळसा घालून होसूर रस्त्यापर्यंत पळवली, मुद्दाम खालच्या गियरमध्ये बसवनगुडीचा चढ चढवला. तापमानाचा काटा मधोमध उभा होता.

“काही नाही हिला,” तो म्हणाला. “घेऊन जा.”

ती पुन्हा आली. या वेळी त्याने पाण्याचा पंप खोलला. पंपाच्या पात्याभोवती काळपट, ओलं काहीतरी गुंडाळलेलं होतं. काथ्या असेल, गोणीचा दोरा असेल, असं म्हणून त्याने ते चाकूने कापलं, चिंधीत पुसून टाकलं आणि पंप परत बसवला. शिवाप्पा शेजारी उभा होता. त्याने ते पाहिलं आणि तोंड फिरवलं.

तिसऱ्यांदा गाडी आली तेव्हा शिवाप्पा खाली उतरला नाही. स्टीअरिंगवर हात ठेवून बसून राहिला.

“अण्णा, मला आता ही गाडी नको. अप्पासाहेबांना तुम्हीच सांगा.”

“का रे? काय झालं?”

“गावात तापत नाही. सर्जापूरच्या बाजारात तापत नाही. खाणीवर दिवसभर दगडाची ट्रॉली ओढते, तेव्हासुद्धा नाही. एका जागीच तापते.”

“कुठे?”

“सर्जापूर सोडलं की पुढं माळ लागतो. तिथं प्लेगात उठलेलं एक खेडं आहे. भिंतीपण राहिल्या नाहीत, नुसती एक विहीर आहे रस्त्याच्या कडेला. चिंचेचं झाड दिसायला लागलं की काटा चढतो. विहिरीसमोर गेलं की उकळी फुटते. दर वेळी तिथंच. मग मी काय करणार? तिथलंच पाणी काढून घालतो. डबा घेतो बरोबर, पण तेवढं पाणी पुरत नाही.”

नरसिंहाने पाने काढले. मग त्याने रेडिएटर उतरवला आणि वरच्या टाकीची झाळ सोडवून ती अलग केली.

टाकी केसांनी भरलेली होती.

आधी त्याला शेवाळ वाटलं. चिमटीत धरून ओढलं तेव्हा ते येतच राहिलं, हातभर, त्याहून लांब. उकळत्या पाण्यात राहून त्याचा काळा रंग तांबूस झाला होता. बारीक नळ्यांच्या तोंडांशी केस असे बसले होते की जणू कुणी एकेक नळीत ओवले होते. शिवाप्पा शेडच्या बाहेर जाऊन उभा राहिला.

नरसिंहाने केस स्वच्छ पाण्यात धुतले आणि पत्र्याच्या एका डब्यात ठेवून संध्याकाळी घरी आणले. का आणले, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. टाकून द्यावेसे वाटले नाहीत, एवढंच. चंद्राबाईने झाकण उघडून पाहिलं आणि डबा उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवला.

“घोड्याचे असतील,” नरसिंह म्हणाला.

“घोड्याचे नाहीत. बाईचे आहेत.” ती पदराने हात पुसत राहिली. “आणि बाई कसली, पोर असणार. एवढ्या केसांत एकही पांढरा नाही. तुम्हाला कुठे सापडले हे?”

त्याने सांगितलं. ती ऐकून चुलीपाशी गेली आणि तिने जेवायला वाढलं. ताटं उचलताना म्हणाली, “ज्याचे त्याला परत देऊन या.”

रेडिएटर धुऊन, नळीनळीतून तार फिरवून त्याने पुन्हा झाळला. पंप खोलून पुसला. इंजिनाच्या अंगातलं सगळं पाणी काढून नळाचं ताजं पाणी भरलं. आता गाडीत विहिरीचा थेंबदेखील नव्हता. डबा सीटखाली ठेवून तो स्वतः चालवायला बसला, शिवाप्पाला बाजूला घेतलं आणि उजाडल्यावर दोघं निघाले.

उन्हाळ्याचे दिवस होते. सर्जापूरपर्यंत कच्च्या रस्त्यावर धूळ, दोन्ही अंगांना कापणी झालेली नाचणीची शेतं, आटत आलेली तळी. काटा मधोमध होता. बाजारात थांबून त्यांनी कॉफी घेतली. नरसिंहाने बॉनेटवर हात ठेवून पाहिलं; जेवढं गरम असायला हवं तेवढंच होतं. त्याच्या मनावरचं ओझं हलकं झालं. केसांनी रेडिएटर चोंदत होता, चोंदला की गाडी तापत होती, तापली की तिथलंच पाणी आत जात होतं आणि त्या पाण्यातून पुन्हा केस. दुखणं सरळ होतं. आता ते संपलं होतं.

माळ सुरू झाला. लांबवर चिंच दिसली. शिवाप्पाने मांडीखाली हात घालून सीटची कड धरली.

काटा हलला.

नरसिंहाने वेग कमी केला. उतार होता, इंजिनावर कसलाच भार नव्हता. तरी काटा चढत गेला, न थरथरता, कुणी बोटाने सरकवावा तसा. चिंचेच्या सावलीत शिरता शिरता बॉनेटच्या फटींतून वाफ फुटली आणि गाडी विहिरीसमोर येऊन उभी राहिली. त्याने किल्ली बंद केली. इंजिन तरीही दोन-चार आचके देत फिरलं, मग थांबलं.

जे पाहण्यासारखं होतं ते त्याने सगळं पाहिलं. पट्टा ताठ. पंप फिरत होता. होज घट्ट. गळती नाही. झाकणावर चिंधी टाकून वाफ जिरू दिली आणि आत बोट घातलं. पाणी थोडं उडालं होतं, बाकीचं नितळ होतं. रेडिएटरचा वरचा भाग आणि खालचा भाग सारखाच तापलेला, म्हणजे पाणी नीट खेळत होतं. नीट खेळणारं पाणी उतारावर उकळायला काही कारण नव्हतं. इतक्या वर्षांत असं इंजिन त्याने पाहिलं नव्हतं.

“मी खाणीवर जाऊन माणसं आणतो,” शिवाप्पा म्हणाला. “तुम्ही येता?”

“गाडी सोडून कसा येऊ? जा तू.”

शिवाप्पा माळावरून लहान होत होत दिसेनासा झाला. दुपार चढली होती. चिंचेवर एक पाखरू नव्हतं. गाडीचं तापलेलं लोखंड निवताना टक, टक असा आवाज करत होतं; असा आवाज त्याने हजारदा ऐकला होता आणि त्याची त्याला सोबत वाटली. तो मडगार्डला टेकून ऐकत उभा राहिला. टक टक हळूहळू विरळ होत गेली आणि थांबली. पण आवाज थांबला नव्हता. तो आता पाठीमागून येत होता.

त्याने वळून पाहिलं. विहिरीच्या काठावर कुणी नव्हतं. कठड्याचा एका बाजूचा दगड निखळला होता आणि तिथे मोकळी खाच होती. आवाज विहिरीच्या आतून येत होता, हलका, एका लयीत, धातूवर बोट वाजवावं तसा.

सवयीने त्याचा हात स्क्रूड्रायव्हरकडे गेला. मग आपण काय करतोय हे लक्षात येऊन त्याने तो सीटवर ठेवला. बादली आणि दोर घेतला, काठाशी गेला आणि शिवाप्पा जिथून पाणी काढत असेल त्या बाजूने बादली खाली सोडली. उन्हाळ्याने पाणी खूप खाली गेलं होतं. बादली बुडली आणि तिचा काठ कशावर तरी आपटला. ठण्ण असा आवाज आला. दगडावर आपटल्याचा नव्हे, भांड्याचा. त्याबरोबर आधीचा आवाज बंद झाला.

त्याने ओणवून पाहिलं. ऊन डोक्यावर होतं, त्यामुळे थेट तळापर्यंत उजेड जात होता. हिरव्या पाण्याखाली एका कळशीचा काठ दिसत होता. कळशीच्या बाजूला काठावरून निखळलेला दगड पडला होता, आणि दगडाखालून काळं काहीतरी पसरलेलं होतं, वारा नसताना सावकाश हलणारं. बराच वेळ पाहिल्यावर त्याला ते काय आहे ते कळलं. तो मागे सरकला आणि जीपच्या चाकाशी बसला. त्याला भीती वाटत होती, पण पळून जावंसं वाटत नव्हतं. कुणाला तरी एकटं टाकून गेल्यासारखं झालं असतं.

शिवाप्पाबरोबर खाणीवरचे चार-पाच गडी आले, आणि मागून छत्री धरून अप्पासाहेब. नरसिंहाने पाहिलेलं सांगितलं. अप्पासाहेबांनी ऐकून घेतलं, मग त्याला बाजूला नेलं.

“नरसण्णा, हे इथंच राहू द्या. माणसं घाबरून पळतील माझी. बैलबिल पडला असेल.”

“बैलाकडे कळशी कुठून आली, अप्पासाहेब?”

‘कळशी’ हा शब्द त्याने फार मोठ्याने उच्चारला नव्हता. पण गड्यांच्या मागे एक बाई येऊन उभी होती, तिने तो ऐकला. उंच, वाळलेली, हाताला दगडाच्या चुरीचा पांढरा थर. ती यल्लव्वा, खाणीवर खडी फोडणारी.

“कसली कळशी?” तिने विचारलं.

शिवाप्पाने खाली मान घालून नरसिंहाला हळूच सांगितलं, ते असं. जीप यायच्या आदल्या उन्हाळ्यात यल्लव्वाची पोर गंगव्वा खाणीवरून नाहीशी झाली. दुपारची पाणी आणायला म्हणून निघाली आणि परतली नाही. त्याच सुमाराला एक लॉरीवाला काम सोडून गेला होता. लोकांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. पोर पळाली, आणि घरातली एकुलती एक तांब्याची कळशीदेखील विकून खायला घेऊन गेली, असं सगळे म्हणाले. यल्लव्वा काहीच म्हणाली नाही. तिने पोरीची लुगडी कुणाला तरी देऊन टाकली. तेव्हापासून गंगव्वाचं नाव तिच्यासमोर कुणी काढत नसे.

“खाणीवर पाण्याची टाकी आहे,” अप्पासाहेब म्हणाले. “इतक्या लांब कशाला येईल ती?”

“टाकीच्या पाण्यात चुरी असती, मालक,” यल्लव्वा म्हणाली. “मला त्या वक्ताला खोकला झाल्ता. चांगलं पानी आनती म्हनली हुती.” तिने नरसिंहाकडे पाहिलं. “तुमाला काय गावलं, बाबा?”

त्याने सीटखालून डबा काढून तिच्या हातात दिला. तिने झाकण उघडलं. ती रडेल, कोसळेल असं त्याला वाटलं होतं. ती तिथेच चिंचेखाली बसली, केस मांडीवर घेतले आणि बोटांनी त्यांतल्या गाठी सोडवू लागली. एक बट मोकळी झाली की ती डाव्या हातात धरायची आणि दुसरी घ्यायची. सगळे उभे राहून बघत होते. खूप वेळाने ती म्हणाली, “तेल लावून घ्यायची न्हाई कधी. लई गुतडा व्हायचा.”

ठाण्यातून जमादार आल्यावर दोन गडी दोर बांधून खाली उतरले. पाणी छातीइतकंच होतं. कळशी वर आली, तिच्या गळ्यात काढणीचा दोर तसाच होता. मग दगड हलवला. हाडांच्या मनगटात हिरव्या बांगड्या होत्या. काय घडलं ते ज्याला त्याला काठाकडे पाहून कळत होतं: भरलेली कळशी ओढताना तिने ज्या दगडावर पाय रोवला तो दगडच निखळला, आणि पोर, कळशी, दगड एकदमच खाली गेले. हाकेच्या अंतरात कुणी नव्हतं. आणि तिला शोधायला कुणी आलंच नव्हतं, कारण ती कुठे गेली हे सगळ्यांना माहीत असल्यासारखं होतं.

तिला माळावरच मूठमाती दिली. खाणीवरच्या बायकांनी एकेक करून यल्लव्वाच्या पायांना हात लावला. कुणी ‘चुकलं’ असं म्हणालं नाही, पण ज्यांनी ज्यांनी ती लॉरीची गोष्ट रंगवून सांगितली होती त्या सगळ्या येऊन गेल्या. यल्लव्वा प्रत्येकीला फक्त म्हणत होती, “गंगव्वा न्हवं का माजी. माज्यासाठीच गेल्ती.” ती ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, जणू इतके दिवस अडवलेलं एकदम वाट फुटून येत होतं.

निघताना तिने नरसिंहाला विचारलं, “गाडी हितंच का थांबायची, बाबा?”

त्याच्याकडे केसांचं उत्तर होतं. पण केस पहिल्यांदा आत गेले ते गाडी पहिल्यांदा थांबल्यावर. त्या पहिल्या वेळी इंजिनात काहीच नव्हतं. त्याने स्वतःच्या हातांनी ते जोडलेलं होतं. आणि आज सकाळीही नव्हतं.

“मला कळलं नाही, अक्का,” तो म्हणाला.

“सरी,” ती म्हणाली, म्हणजे ‘बरं’. इतक्या वर्षांत तिने उचललेला तेवढाच इकडचा शब्द असावा.

गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. नरसिंहाने ती सर्जापूरपर्यंत आणि तिथून शहरापर्यंत आणली, काट्याकडे न बघता. घरी आल्यावर चंद्राबाईने त्याच्यावरून मीठमोहऱ्या उतरून टाकल्या आणि आंघोळीला पाणी काढलं. त्याने तिला सगळं सांगितलं, विहिरीतल्या आवाजापर्यंत. ती म्हणाली, “बरं केलंत थांबलात ते.”

यल्लव्वा पावसाळ्यापूर्वी आपल्या गावी गेली. अप्पासाहेबांनी विहिरीला नवा कठडा बांधून घेतला आणि वर लोखंडी जाळी बसवली. शिवाप्पाने जीप चालवणं सोडलं नाही. त्या रस्त्याने तो पुढे बरीच वर्षं गेला-आला, पण चिंचेपाशी गाडी कधीही तापली नाही. विहीर आली की तो स्वतःहूनच थांबायचा, पाय मोकळे करायचा आणि पुढे जायचा.

नरसिंहाने शेड चालू ठेवली. बोळात पुढे बरेच मेकॅनिक आले, मोठी गॅरेजं झाली, पण तापणाऱ्या गाड्या लोक त्याच्याकडेच आणत. तो आधी बॉनेट उघडत नसे. आधी विचारायचा, “कुठे तापते?” गिऱ्हाइकांना वाटायचं, इंजिनात कुठे असं विचारतोय. मग तो समजावून सांगायचा की इंजिनात नव्हे, रस्त्यावर कुठे, कोणत्या जागी. बहुतेक लोक म्हणत, कुठेही तापते. ते ऐकलं की तो पाना हातात घ्यायचा.

चौसष्ट-पासष्टच्या सुमाराला हणमंतराव नावाचा एक टॅक्सीवाला आला. त्याची गाडी अलसूरच्या तळ्याकाठीच तापायची, रोज, एकाच वळणावर. नरसिंहाने हातातलं काम टाकलं. हणमंतरावाला घेऊन तो तिथे गेला, उतरला आणि तळ्याच्या काठाने बराच वेळ हिंडला. धुणं धुणाऱ्या बायकांशी बोलला, पायऱ्या पाहिल्या, पाण्यात डोकावला. हणमंतराव गाडीला टेकून विडी ओढत त्याच्याकडे बघत होता. या म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही असं त्याला वाटायला लागलं होतं. शेवटी नरसिंह परत आला, बॉनेट उघडलं आणि वाकून हात आत घातला.

“बेल्ट ढिला आहे,” तो म्हणाला. “घरापासून येताना वाटेत चढ आहे ना, इथे येईतो घसरायला लागतो.” त्याने पाना मागितला आणि तिथेच, रस्त्याच्या कडेला उकिडवं बसून, पट्टा ताणून दिला.